सहा टिंबं, एक घर

आज ब्रेलबद्दल, जरा कोडिंगवाल्याच्या नजरेनं.

एका घरात सहा टिंबं. प्रत्येक टिंब उठलेलं किंवा सपाट, म्हणजे ६४ शक्यता. आपल्या भाषेत सहा बिट. लुई ब्रेलनं हे १८२४ मध्ये जुळवलं, वय १५. त्याआधीच्या बार्बिएच्या पद्धतीत बारा टिंबं होती, ती एका बोटाखाली मावायचीच नाहीत. तरी पुढे लुईच्याच शाळेत ब्रेलवर बंदी आली. पोरं चोरून लिहीत राहिली. तो १८५२ मध्ये गेला, मान्यता मिळाली १८५४ मध्ये. ज्यांना बोटांनी वाचायचंच नव्हतं, ते ठरवत बसले, दुसरं काय!

आपल्याकडे अडचण वेगळी होती. स्वातंत्र्याआधी इथे अनेक ब्रेल पद्धती होत्या. एकीत छापलेलं पुस्तक दुसरी शिकलेल्याला निरुपयोगी. १९५१ मध्ये भारती ब्रेल आली. तत्त्व साधं: उच्चार एक, तर टिंबं एक. मराठी ‘क’, कन्नड ‘क’, इंग्रजी ‘के’, सगळ्यांना पहिलं आणि तिसरं टिंब. बेळगावात कानडी पाटीपुढे मी अडतो. ब्रेल वाचणाऱ्याला कन्नडसाठी नवी लिपी शिकावी लागत नाही, भाषा तेवढी शिकायची.

जोडाक्षराची मात्र मेख आहे. युनिकोडमध्ये पाय मोडायची खूण अक्षरानंतर येते, भारती ब्रेलमध्ये अक्षराआधी. रूपांतराच्या प्रोग्रामनं हा क्रम फिरवला नाही, तर ‘भक्ती’मधला ‘क’ अख्खा राहतो आणि पाय मोडतो ‘त’चा.