दरबार, घर आणि चित्रफलक : राजा रविवर्मा यांच्या राजाश्रयाचा पुनर्विचार

प्रस्तावना :

आधुनिक भारतीय चित्रकलेच्या इतिहासात राजा रविवर्मा (१८४८-१९०६) यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. महाराष्ट्राशी त्यांचा संबंध निकटचा होता. त्यांचा शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला व पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आला. तेथून निघालेल्या देवदेवतांच्या चित्रांनी मराठी घरांतील देव्हारे व भिंती सजल्या. तथापि, ज्या व्यक्तिचित्रांनी त्यांना प्रथम कीर्ती व अर्थप्राप्ती मिळवून दिली, त्यांच्यामागील मानवी संबंधांची चर्चा तुलनेने कमी झालेली आहे. रविवर्मा यांना सर्रास 'दरबारी चित्रकार' म्हटले जाते. ही संज्ञा त्यांना कितपत लागू पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नात्यातील राजघराणे :

रविवर्मा यांचा जन्म त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे कोयितंपुरान घराण्यात झाला. ही घराणी स्वतः राज्यकर्ती नव्हती. त्रावणकोरच्या राण्यांचे पती या घराण्यांतून निवडले जात. त्रावणकोरात मरुमक्कत्तायम् ही मातृवंशीय पद्धती प्रचलित होती. राजाचा वारस त्याचा पुत्र नसून भगिनीचा पुत्र असे. त्यामुळे राणी ही राजाची पत्नी नसून त्याची बहीण किंवा भाची असे. ही व्यवस्था लक्षात घेतल्याशिवाय रविवर्मा यांचे दरबारातील स्थान समजत नाही.

१८६२ मध्ये त्यांचे मामा राजराज वर्मा यांनी चौदा वर्षांच्या भाच्याला तिरुवनंतपुरमला महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्यापुढे उभे केले. १८६६ मध्ये त्यांचा विवाह मावेलिक्करा घराण्यातील बारा वर्षांच्या भागीरथी यांच्याशी झाला. भागीरथींच्या दोन बहिणी, लक्ष्मीबायी व पार्वतीबायी, १८५७ मध्येच राजघराण्यात दत्तक गेल्या होत्या. म्हणजेच संस्थानची ज्येष्ठ राणी ही या चित्रकाराच्या पत्नीची सख्खी बहीण होती. रविवर्मा यांनी तिचे व्यक्तिचित्र रंगविले, तेव्हा चित्रकारासमोर राणी आणि आप्त एकाच देहाने बसलेली होती.

या नात्याने राजवाड्याचे दार उघडले. तेथेच त्यांना १८६८ मध्ये आलेल्या थिओडोर जेन्सन या युरोपीय चित्रकाराचे काम पाहून तैलरंगाचे तंत्र आत्मसात करता आले. परंतु आप्तपद हे संरक्षण नव्हते. लक्ष्मीबायींचे पती व विख्यात कवी केरळ वर्मा, म्हणजे रविवर्मा यांचे साडू, यांना महाराजांची इतराजी होऊन १८७५ मध्ये अटक झाली. महाराजांच्या निधनापर्यंत, १८८० पर्यंत, त्यांची सुटका झाली नाही. राणीचा पती बंदिवासात जाऊ शकतो, तेथे राणीच्या बहिणीच्या पतीची काय कथा! पुढील महाराज विशाखम तिरुनाळ (१८८०-१८८५) यांच्याशी रविवर्मा यांचे संबंध सलोख्याचे राहिले नाहीत आणि संस्थानाबाहेरील आश्रयदात्यांचे महत्त्व वाढले.

बडोद्याचा आश्रय :

बडोद्याशी हा दुवा जुळवून दिला तो सर टी. माधवराव यांनी. तंजावूरकडील मराठी परंपरेतील हे मुत्सद्दी आधी त्रावणकोरचे व १८७५ पासून बडोद्याचे दिवाण होते. १८८१ च्या अखेरीस सयाजीराव गायकवाड यांना राज्याधिकार मिळाले, त्या सुमारास रविवर्मा बडोद्यास आले. महाराज व त्यांच्या कुटुंबीयांची व्यक्तिचित्रे त्यांनी रंगविली. १८८८ मध्ये सयाजीरावांनी त्यांच्याकडे पौराणिक विषयांवरील चौदा चित्रांचे काम सोपविले. 'नल-दमयंती', 'अर्जुन-सुभद्रा' आदी चित्रे त्यातूनच साकारली. ही चित्रे राजवाड्यात जाण्यापूर्वी तिरुवनंतपुरम व मुंबई येथे सर्वसामान्यांसाठी प्रदर्शित झाली, ही बाब महत्त्वाची आहे.

येथे चित्रकार हा महाराजांचा आप्त नव्हता, तसाच पगारी सेवकही नव्हता. काम ठरत असे, मोबदला ठरत असे आणि काम संपले की चित्रकार पुढील दरबाराकडे जाण्यास मोकळा असे. म्हैसूर व उदयपूर येथेही त्यांनी याच रीतीने कामे केली. त्यांचे धाकटे बंधू व सहचित्रकार सी. राजराज वर्मा यांच्या १८९५ ते १९०४ या काळातील दैनंदिनीत प्रवास, कामे व भेटीगाठी यांच्या नोंदी आहेत. त्या वाचताना आपल्यासमोर येतो तो स्वतःचा व्यवसाय चालविणारा फिरता कलावंत.

घरातील चित्र :

१८९३ च्या 'देअर कम्स पपा' या चित्रात रविवर्मा यांची कन्या महाप्रभा आपल्या बालकाला कडेवर घेऊन चौकटीबाहेरून येणाऱ्या पित्याकडे निर्देश करते. मातृवंशीय घरात पिता हा बहुधा पाहुणाच असे. मुले आईच्या घरची असत. अशा समाजात पित्याच्या आगमनाला चित्रविषय करणे हे बदलत्या कुटुंबकल्पनेचे द्योतक आहे, असे अभ्यासकांनी म्हटले आहे. प्रस्तुत लेखकास यात आणखी एक अर्थ जाणवतो. वर्षानुवर्षे परमुलखात राहिलेल्या पित्याने स्वतःच्या मुलीला दुसऱ्या एका पित्याची वाट पाहताना रंगविले आहे. भागीरथींचे निधन त्यापूर्वीच, १८९१ मध्ये झाले होते.

१९०० मध्ये राजघराण्यात वंश पुढे नेणारी मुलगी नसल्याने महाप्रभांची कन्या सेतू लक्ष्मीबायी व त्यांच्या भगिनीची कन्या सेतू पार्वतीबायी यांना ज्येष्ठ राणीने दत्तक घेतले. पहिली १९२४ ते १९३१ या काळात त्रावणकोरची राजप्रतिनिधी झाली. दुसरीचे पुत्र चित्तिर तिरुनाळ हे संस्थानचे अखेरचे महाराज. १९३६ ची मंदिरप्रवेशाची घोषणा त्यांचीच. चित्रकाराच्या नाती राजगादीच्या अधिकारी झाल्या आणि पणतू राजा झाला.

समारोप :

'दरबारी चित्रकार' ही संज्ञा रविवर्मा यांच्या बाबतीत दोन्हीकडे अपुरी पडते. त्रावणकोरात ते दरबारी चित्रकारापेक्षा अधिक, म्हणजे आप्त होते आणि म्हणूनच पूर्णतः स्वतंत्र नव्हते. बडोद्यात ते दरबारी चित्रकारापेक्षा वेगळे, म्हणजे व्यावसायिक होते आणि म्हणूनच अधिक मोकळे होते. राजवाड्यातील चित्र छापखान्यामार्फत सामान्यांच्या घरी पोहोचविण्याचे साहस याच मोकळेपणातून शक्य झाले असावे.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. रविवर्मा यांचे राजघराण्याशी असलेले नाते पत्नी, तिच्या बहिणी, कन्या व नाती या स्त्रियांमधून आलेले होते. चरित्रग्रंथांत मात्र या स्त्रिया बहुधा चित्रांचे विषय म्हणून किंवा ओझरत्या उल्लेखापुरत्याच येतात. ज्यांनी चित्रकाराला दरबार मिळवून दिला, त्यांना चित्राच्या चौकटीबाहेरही स्थान देणे हे कलेतिहासाच्या अभ्यासकांचे कर्तव्य आहे.