यॉर्क मिन्स्टरची रोझ विंडो : आग व जीर्णोद्धार

इंग्लंडमधील यॉर्कच्या कॅथीड्रलची, म्हणजे यॉर्क मिन्स्टरची, चित्रकाचेची वर्तुळाकार खिडकी. ती इमारतीच्या दक्षिण भुजेच्या दर्शनी भिंतीत उंचावर आहे. ९ जुलै १९८४ रोजी पहाटे लागलेल्या आगीत तिच्या काचांना सुमारे ४०,००० तडे गेले. पण ती कोसळली नाही. पुढे तिची जुनीच काच सांधून पुन्हा बसवण्यात आली. आगीत सापडलेल्या चित्रकाचेचे काय करावे, या प्रश्नाच्या चर्चेत या खिडकीचे उदाहरण आवर्जून दिले जाते.

दक्षिण भुजेचे बांधकाम तेराव्या शतकात, आर्चबिशप वॉल्टर द ग्रे यांच्या काळात (१२१५–१२५५) झाले. खिडकीची दगडी जाळी त्या काळची असली, तरी तिच्यातील काच बरीच नंतरची, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. बाहेरच्या पाकळ्यांमध्ये लँकेस्टर घराण्याचे लाल गुलाब आणि ट्यूडर घराण्याचे लाल-पांढरे गुलाब आलटून-पालटून येतात. सातवा हेन्री आणि यॉर्क घराण्यातील एलिझाबेथ यांचा विवाह १४८६ मध्ये झाला आणि लँकेस्टर आणि यॉर्क या दोन घराण्यांचे दीर्घ वैर मिटले, त्याची ही खूण. मधले सूर्यफूल मात्र अठराव्या शतकात यॉर्कचेच काचचित्रकार विल्यम पेकिट यांनी बसवले. म्हणजे आग लागली तेव्हाही ही खिडकी एकाच काळाची, अस्पर्श अशी वस्तू नव्हती. तीन वेगवेगळ्या शतकांचे काम तिच्यात एकत्र नांदत होते.

मिन्स्टरला आग नवी नव्हती. १८२९ मध्ये जोनाथन मार्टिन या धर्मवेड्या माणसाने गायकवृंदाच्या भागाला आग लावली. तेथील लाकूडकाम व ऑर्गन जळून गेले. १८४० मध्ये एका कारागिराची मेणबत्ती पेटती राहिल्याने नैऋत्येचा मनोरा आणि मुख्य दालनाचे छप्पर जळाले. १९८४ च्या आगीचे कारण बहुधा वीज पडणे हे होते. जाणूनबुजून लावलेली आग किंवा विजेच्या तारांतील बिघाड या शक्यता चौकशीत मागे पडल्या, पण पूर्णपणे निकालात निघाल्या नाहीत. लोकांमध्ये मात्र वेगळीच चर्चा चालली. आगीच्या तीनच दिवस आधी, ६ जुलैला, डेव्हिड जेंकिन्स यांना याच मिन्स्टरमध्ये डरहॅमचे बिशप म्हणून दीक्षा देण्यात आली होती. येशूचा कुमारीपासूनचा जन्म आणि पुनरुत्थान यांविषयी त्यांनी केलेल्या विधानांवरून वादळ उठले होते, त्यामुळे ‘हा देवाचा कोप’ असे म्हणणारे पुष्कळ निघाले. हा कोप बिशपचे स्वतःचे डरहॅम सोडून यॉर्कवर का पडला, याचे उत्तर कोणी दिल्याचे आढळत नाही.

ज्वाळा मधल्या मनोऱ्याकडे सरकू नयेत म्हणून अग्निशमन दलाच्या जवानांनी पाण्याच्या माऱ्याने दक्षिण भुजेचे जळते छप्पर मुद्दाम खाली पाडले. या निर्णयामुळे बाकीची इमारत वाचली. खिडकी तोवर भाजून निघाली होती. तिच्याजवळचे तापमान सुमारे ४५० अंश सेल्सियसपर्यंत गेले असावे, असा अंदाज आहे. काच उष्णतेची मंदवाहक. तुकड्याचा मधला भाग तापून प्रसरण पावतो, पण तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्टीखाली दडलेली कड तुलनेने थंड राहते. त्या कडेवर ताण येतो आणि तडा आत धावत जातो. मध्ययुगीन पद्धतीच्या काचेची जाडी सारखी नसते, गडद रंगाचे तुकडे फिकट तुकड्यांपेक्षा अधिक उष्णता शोषतात आणि लाल काच तर बहुतेकदा पांढऱ्या काचेवर चढवलेला लाल काचेचा पातळ थर असते. त्यामुळे एकाच तावदानात शेजारशेजारचे तुकडेही वेगवेगळ्या रीतीने तडकतात.

एवढे होऊनही खिडकी वाचली याचे श्रेय आगीच्या रात्रीपेक्षा तिच्या आधीच्या एका कंटाळवाण्या कामाला द्यावे लागते. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या यॉर्क ग्लेझियर्स ट्रस्टने १९७० च्या सुमारास या खिडकीची जीर्ण शिशापट्टी काढून नवी घातली होती. शिसे ३२७ अंशांना वितळते, त्यामुळे ते टिकण्याची खात्री मुळीच नव्हती. पण नव्या पट्ट्यांनी फुटक्या काचा धरून ठेवल्या. जुनी, थकलेली शिशापट्टी असती तर सकाळी फरशीवर रंगीत चुराच मिळाला असता.

जीर्णोद्धाराचे काम पीटर गिब्सन यांच्या देखरेखीखाली याच ट्रस्टने केले. तावदाने उतरवण्याआधी त्यांवर चिकट प्लास्टिकचा पापुद्रा चढवण्यात आला, जेणेकरून हलवताना एकही कपची निसटू नये. मग खरा प्रश्न उभा राहिला. एखाद्या तुकड्याला दहा-बारा तडे असतील, तर त्याजागी नवी काच कापून रंगवणे सोपे, मजबूत आणि कदाचित स्वस्तही. यॉर्कच्या कारागिरांनी ती वाट सोडली. काचेइतकाच वक्रीभवनांक असलेले रेझिन तड्यांमध्ये उतरवले, की प्रकाश तड्यापाशी न अडखळता पार जातो आणि खालून पाहणाऱ्याला रेघ जवळपास दिसत नाही. असे सांधलेले तुकडे दोन पारदर्शक काचांच्या मध्ये बसवून तावदाने पुन्हा जुळवण्यात आली. दक्षिण भुजेचे सर्व काम १९८८ मध्ये पूर्ण झाले. एकूण खर्च सुमारे २२.५ लाख पौंड. ओक लाकडाचे नवे छप्पर झाले आणि त्याच्या कमानींवरील कोरीव गाठींपैकी सहा बीबीसीच्या ‘ब्लू पीटर’ कार्यक्रमाच्या स्पर्धेत जिंकलेल्या मुलांच्या चित्रांवरून केल्या गेल्या. छप्पर नवे आणि काच जुनी, ही निवड योग्यच म्हणावी लागेल: सुतारकाम पुन्हा करता येते, पाचशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराची रेघ येत नाही.

या पद्धतीवर आक्षेपही आहेत. दोन काचांमध्ये रेझिनसह बंद केलेला तुकडा पुढच्या पिढीला सहज मोकळा करता येत नाही, तावदानाचे वजन वाढते आणि रेझिन काळाबरोबर पिवळे पडू शकते. चित्रकाचेच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संस्था कॉर्पस विट्रेअरम हिने १९८९ मध्ये जतनाची मार्गदर्शक तत्त्वे मांडली. आज केलेली दुरुस्ती उद्या उलटवता आली पाहिजे, या विचाराला त्यानंतर अधिक वजन आले. आता तडे कडेला-कडा लावून सांधतात आणि ऐतिहासिक काचेच्या बाहेरून हवा खेळती ठेवणारी स्वतंत्र संरक्षक काच लावतात. यॉर्कमध्येच जॉन थॉर्नटन यांच्या १४०५–१४०८ मधील ग्रेट ईस्ट विंडोचे काम याच धर्तीवर झाले. ते २०१८ मध्ये संपले आणि बाहेरच्या काचेत अतिनील किरण रोखण्याचीही सोय केली गेली. पण तिथे शत्रू होते ऊन, दमटपणा आणि काळ. एका पहाटेत ४०,००० तडे गेलेल्या खिडकीसाठी १९८४ मध्ये हाताशी असलेल्या साधनांतून निवड करायची होती, हे आक्षेप घेताना विसरता कामा नये.

नंतरच्या दोन फ्रेंच आगींशी तुलना करता नशिबाचा वाटाही दिसतो. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत पॅरिसच्या नोत्र-दामच्या तिन्ही मोठ्या गोल खिडक्या वाचल्या. तेथील मुख्य काम होते उंचावरील खिडक्यांवर बसलेली शिशाची धूळ उतरवण्याचे, आणि त्यांपैकी काही खिडक्या जर्मनीत कोलोन कॅथीड्रलच्या कार्यशाळेत स्वच्छ झाल्या. १८ जुलै २०२० रोजी नाँत येथील कॅथीड्रलमध्ये मुद्दाम लावलेल्या आगीत मोठा ऑर्गन जळाला आणि त्याच्यामागच्या खिडकीतील जुन्या काचेचे अवशेष नष्ट झाले. तिथे सांधण्यासारखे फार काही उरलेच नाही.