मिठागरातला जीव आणि बर्फाची लादी

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिण किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जी विस्तीर्ण मिठागरे पसरत गेली, त्यांच्या दाट खाऱ्या पाण्यात सुमारे सेंटीमीटरभर लांबीचा, उताणा पोहणारा आर्टेमिया नावाचा एक कवचधारी जीव विपुल वाढत असे. परंतु पाण्यातील सूक्ष्म शेवाळ खाऊन तो ते निर्मळ राखतो, यापलीकडे मिठाच्या हिशेबात त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. पुढे जगभरच्या मत्स्यालयांतील माशांचे तो मुख्य अन्न ठरला, आणि या स्थित्यंतराचे सारे श्रेय बर्फाला, म्हणजे तो गोठवून साठवण्याच्या तंत्राला, देण्याचा प्रघात मला अन्यायाचा वाटतो.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली सार्वजनिक मत्स्यालय उघडले, तेव्हापासून काचेआडच्या माशांना जिवंत खाद्य कोठून पुरवावे हा प्रश्न पाळणाऱ्यांपुढे उभा होता. डबक्यातील डॅफ्निया हा बारीक जीव हंगामापुरताच मिळे. गटाराच्या गाळातील ट्युबिफेक्सचे लालसर किडे मुबलक सापडत, पण त्यांच्याबरोबर रोगही टाकीत शिरत. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयाचे अधीक्षक अल्विन सील यांनी १९३३ साली आर्टेमियाची शिफारस प्रसिद्ध केली, ती या अडचणीवरचा उत्तम तोडगा ठरली. त्याची सुकी अंडी वर्षानुवर्षे टिकतात, खाऱ्या पाण्यात पडली की दीड-दोन दिवसांत फुटतात, आणि त्यांतून निघणारी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान पिले माशांच्या नवजात पिलांना सहज गिळता येतात.

मोठ्या माशांना मात्र पूर्ण वाढलेला आर्टेमिया हवा, आणि तो मेला की फार लवकर कुजतो. येथे बर्फाचे काम सुरू होते. लॅब्रॅडॉरच्या कडाक्याच्या थंडीत तत्काळ गोठलेली मासळी वितळल्यावरही ताजी लागते, हे पाहून क्लॅरेन्स बर्डसाय यांनी १९२० नंतरच्या दशकात शीघ्रशीतनाची जी यंत्रे सिद्ध केली, त्यांतले तत्त्व या खाद्यालाही तंतोतंत लागू पडते. सावकाश गोठवल्यास बर्फाचे स्फटिक मोठे होऊन पेशी फाडतात, आणि वितळताना शरीरातील रस गळून टाकीचे पाणी नासते. म्हणून आर्टेमिया पातळ थरात पसरून शक्य तितक्या लवकर गोठवावा लागतो. त्याआधी तो जाळीत धरून गोड्या पाण्यात वारंवार धुऊन त्याच्या अंगचे मीठ काढणे व पाणी पुरते निथळू देणे, हे मला या कामातील खरे कौशल्य वाटते. येथे हयगय झाली तर पुढचे शीतन कितीही निर्दोष असो, गोठलेल्या खाद्याची लादी वाईटच उतरते.

गोठवल्याने सगळेच रोगजंतू मरत नाहीत. या खाद्याची जी निर्धोकता वाखाणली जाते तिचे मूळ, ज्या पाण्यात मासाच जगू शकत नाही तेथे माशांचे रोगही सहसा नांदत नाहीत, या साध्या गोष्टीत आहे; ते काम बर्फापूर्वीच मिठाने केलेले असते.

मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले, आणि १९५३ साली सी. व्ही. कुलकर्णी यांनी वडाळ्याच्या मिठागरांत आर्टेमिया आढळल्याची नोंद केली. आपल्या आगरांत मृगाचा पाऊस कोसळला की खारे पाणी पातळ होते, मिठाचे काम थांबते, आणि दाट खारटपणाच्या आश्रयाने वाढणाऱ्या या जीवाचा सुगीचा काळही सरतो. साठवणीसाठी बर्फाची निकड अशा मुलखात कॅलिफोर्नियाहूनही अधिक आहे.