कापूस, कागद आणि माझे दीड लाख

मंडळी, पोस्ट थोडी मोठी आहे. चहा घेऊन बसा.

परवा पुतण्या आला. पन्नास हजार हवेत म्हणाला. कशाला? तर ऑप्शनमध्ये आधीचे चाळीस गेलेत, ते "रिकव्हर" करायचे आहेत. मी एकतीस वर्षं बँकेत कॅशियर होतो, त्यामुळे घरात कुणाला पैसे लागले की आधी माझ्याकडे येतात. लगेच नाही म्हणालो नाही. रविवारी ये म्हटलं. आणि तो गेल्यावर मला दीडशे वर्षांपूर्वीची मुंबई आठवत राहिली.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेनं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना जाणारा कापूस थांबला. मग इंग्रजांना आपला कापूस आठवला. एरवी आखूड धाग्याचा, कचरा असलेला म्हणून नाक मुरडायचे. आता मिळेल तो उचलायला लागले. भाव कित्येक पटींनी चढले. चारेक वर्षांत नेहमीच्या किमतीपेक्षा ७ ते ८ कोटी पौंड जादा मुंबईत आले असा अंदाज आहे. लोकांनी गाद्या उसवून कापूस विकला असं सांगतात. नागपूर-वर्धेकडच्या शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकाला चांदीची धाव बसवल्याचं इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलंय. आमच्या खानदेशातही तेव्हा कापसानं घरं उभी राहिली.

इथपर्यंत वेडेपणा काहीच नाही, हे ध्यानात घ्या. कापूस खरा होता, गिऱ्हाईक खरं होतं, पैसा खरा होता. गडबड पुढे झाली. एवढा पैसा ठेवायचा कुठे? मग कंपन्या निघाल्या. जानेवारी १८६५ मध्ये एकट्या मुंबईत ३१ बँका, १६ फायनान्शियल असोसिएशन, ८ जमीन कंपन्या आणि २० विमा कंपन्या होत्या. दहा वर्षांपूर्वी यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. सगळ्यांची राणी म्हणजे बॅक बे रेक्लमेशन कंपनी. समुद्र भरून जमीन काढणार होती. ५,००० रुपयांचा तिचा शेअर चढत चढत ५०,००० पर्यंत गेला. ती जमीन तेव्हा पाण्याखाली होती हो!

सगळ्या खेळाच्या मध्यभागी प्रेमचंद रायचंद. त्यांच्या हातून शेअर मिळाला म्हणजे नशीब उघडलं, अशी समजूत होती. त्यातून १८६३ च्या कायद्यानं बँक ऑफ बॉम्बेला शेअर तारण ठेवून कर्ज द्यायची मुभा मिळाली आणि बँकेवर प्रेमचंदांचं वजन होतं. म्हणजे शेअर घ्या, तो गहाण टाका, त्या पैशातून दुसरा घ्या. कॅशियर म्हणून सांगतो, हे वाचताना मला घाम फुटतो. तारण आणि कर्ज दोन्ही एकाच फुग्यात! आणि फसले ते फक्त अडाणी लोक नव्हते. पेढीवाले, वकील, गोरे अधिकारी, सगळे होते. खुद्द मुंबई सरकारला बॅक बेचे शेअर घ्यायचे होते. वरच्या सरकारनं अडवलं.

मला खरा प्रश्न पडतो तो वेगळाच. युद्ध कधीतरी संपणार, हे यांना ठाऊक नव्हतं? होतं की. अमेरिकेची बातमी तर रोज वाचत होते. तह होण्याची नुसती कुणकुण लागली तरी कापसाचा भाव डळमळायचा. पण प्रत्येकाचा हिशेब असा, की बाजार पडेल, मात्र मी त्याच्या आधी बाहेर पडेन. दिनशा वाच्छांनी तरुणपणी हे डोळ्यांनी पाहिलं आणि १९१० साली त्यावर पुस्तक लिहिलं. मिळालं तर जरूर वाचा.

९ एप्रिल १८६५ ला जनरल लीनं शरणागती पत्करली. बातमी मुंबईला आली आणि कापूस कोसळला. वायद्याचे सौदे १ जुलैला पुरे करायचे होते. त्या दिवशी पैसे द्यायला जवळपास कुणाकडे नव्हते, कारण ज्याच्याकडून यायचे होते तोही बुडालेला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० ला गेलेला शेअर ८७ ला विकला गेला, आणि पुढे ती बँकच गुंडाळावी लागली. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ होती, १८७२ ला ६,४४,४०५. बॅक बेवाल्यांनी जी चिंचोळी पट्टी भरली, तिच्यावरून नंतर रेल्वे गेली. प्रेमचंदांनी आईच्या नावानं दिलेल्या पैशातला राजाबाई टॉवर पुरा झाला १८७८ ला. ते स्वतः बुडाले, टॉवर उभा आहे.

गावाकडचं मात्र फारसं कुणी सांगत नाही. कापसाच्या जोरावर सावकारांनी हात सैल सोडला होता, तो भाव पडल्यावर आवळला. त्यात सारा वाढलेला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या-खतं ओढून काढली. एकट्या कापसामुळे दंगे झाले असं मी म्हणणार नाही, पण धागा तिथवर जातो.

आता माझं. मी लोकांना शहाणपण शिकवायला बसलोय असं वाटेल, म्हणून सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी इमू पालनात मी दीड लाख घातले. पक्षी तुमच्या नावावर, सांभाळणार कंपनी, दरमहा परतावा. पहिले चार महिने चेक वटले. पाचव्या महिन्यात चेक परत आला, तेव्हा मी काय केलं? आणखी तीस हजार भरले. आधीचे सुटावेत म्हणून! रोज दुसऱ्यांचे परत आलेले चेक हाताळणारा माणूस मी. सौ. ला हे तीस हजार दोन वर्षं सांगितले नव्हते.

म्हणून पुतण्याचा "रिकव्हर" शब्द मला टोचला. सेबीनं २०२४ मध्ये आकडे दिलेत: तीन वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. त्याहून मला भयंकर वाटलं ते दुसरं. सलग दोन वर्षं तोटा होऊनही तोट्यातले पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त लोक खेळतच राहिले. बहुतेकांना जोडबेरीज येत असणार. पण तोटा कागदावर आहे तोवर तो तोटा वाटत नाही. थांबलो की खरा होतो. मग माणूस थांबतच नाही.

काल फोनवर त्याला १८६५ ची गोष्ट सांगून पाहिली. ऐकून घेतली बिचाऱ्यानं. म्हणाला, "काका, तेव्हा मोबाईल नव्हता ना. आता स्टॉपलॉस लावता येतो." मी विचारलं, मग चाळीस हजार गेले तेव्हा लावला होतास का? तर म्हणाला, "लावला होता, पण काढला. वाटलं वर येईल."

रविवारी तो येणार आहे. पन्नास हजार देणार नाही. इमूची फाईल माळ्यावरून काढून ठेवली आहे, तीस हजारांच्या पावतीसकट.