आप्पांची तार

परवा माळ्यावरची जुनी ट्रंक उघडली, तर तळाशी आप्पांची खाकी टोपी निघाली. नात्यातल्या मंडळींना आप्पा ठाऊकच आहेत. इतरांसाठी सांगतो, ते माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, भाट्याचे पोस्टमन. २०१९ साली पंचाण्णवाव्या वर्षी गेले.

त्यांच्या तरुणपणी आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या पोरांपुढे दोन वाटा असत, मुंबईची गिरणी नाहीतर पलटण. आप्पा १९४२ साली मराठा पलटणीत भरती झाले आणि इटलीच्या लढाईवर गेले. त्या लढाईत पाच हजारांहून अधिक हिंदी सैनिक कामी आले. माणगावकडच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी एकटे मशीनगनवर चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आम्ही मुलं ती हकीकत खोदून खोदून विचारायचो. आप्पा एवढंच म्हणायचे, "त्यांच्या घरी कोणी कसं सांगितलं असेल रे?"

या प्रश्नाचं मूळ मला पुढे आईकडून कळलं. त्याच पावसाळ्यात आप्पांच्या मांडीला गोळी लागली होती. घरी तार आली. तारवाला कागद देऊन तरीच्या घाईने परत गेला. तार इंग्रजीत, आणि वाडीत इंग्रजी वाचणारं कोणी नाही. रत्नागिरीला जायचं तर मध्ये खाडी. तेव्हा पूल नव्हता आणि पावसामुळे संध्याकाळची तर बंद झालेली. थोरली आजी तो कागद पदरात घेऊन रात्रभर ओटीवर बसली. शेजारणींनी रडायला सुरुवातही केली होती म्हणे! सकाळी खाडी उतरून एका वकिलांकडे गेली तेव्हा कळलं, मुलगा जखमी आहे, जिवंत आहे.

युद्धानंतर आप्पांनी एक खाकी उतरवली आणि दुसरी चढवली. जरासे लंगडत भाट्ये, फणसोप पालथं घालायचे. तार आली की पोस्टातच मजकूर विचारून घेत. वाईट असेल तर आधी शेजारच्या घरी जात, कोणाला तरी सोबत घेत, मग त्या दारात बसून पाणी मागत. बाई एकटी असेल तर तार हातात देतच नसत. या उशिरापायी एकदा मेमोही मिळाला. मी नुकताच मास्तर झालो होतो, नियमाचा पक्का. म्हटलं, "आप्पा, दुसऱ्याची तार अशी अडवून ठेवणं बरोबर नाही." ते म्हणाले, "तुझ्या थोरल्या आजीला विचार." आजी तेव्हा हयात नव्हती.

ते निवृत्त झाले १९८२ मध्ये. त्याच वर्षी १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. शेवटचे महिने मनीऑर्डरी आटल्या, तरी बायका दारात उभ्या असत. त्यांच्यासमोरून रिकाम्या हाताने जाणं पलटणीपेक्षा कठीण गेलं, असं ते म्हणत. लष्करी पेन्शन त्यांना नव्हतं, नोकरी लढाईपुरतीच ना! पोस्टाच्या पेन्शनवर निभावलं. असो.

जुलै २०१३ मध्ये तारखातं बंद झालं. पेपरातली बातमी मी त्यांना वाचून दाखवली.

"मग आता कळवतात कसं?"

"फोनवर, आप्पा."

बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आणि फोन उचलणारी एकटी असली तर?"