इलाख्यापासून मतदारसंघापर्यंत : प्रदेशरचना व प्रतिनिधित्व यांचा इतिहास मुलांना शिकविताना

भारतातील राज्ये व त्यांच्या राजधान्या यांची यादी शालेय विद्यार्थी भूगोलाच्या तासाला पाठ करतो; लोकसभा, विधानसभा व त्यांची सदस्यसंख्या यांची यादी नागरिकशास्त्राच्या तासाला. या दोन याद्यांचा परस्परांशी काही संबंध आहे, हे त्याला बहुधा कोणी सांगत नाही. परिणामी राज्यांच्या सीमा या डोंगर व नद्या यांच्याप्रमाणे मुळापासून तशाच होत्या, आणि प्रतिनिधींची संख्या ही कोणी तरी एकदाच ठरवून दिलेली आहे, अशी समजूत त्याच्या मनात घर करते. वस्तुतः या दोन्ही गोष्टी गेल्या दोन शतकांत घडलेल्या आहेत. त्यांचा इतिहास एकत्र पाहिला म्हणजे एक महत्त्वाचा क्रम दिसून येतो. आरंभी सत्ता प्रदेश आखी आणि आखलेल्या प्रदेशाला मर्जीप्रमाणे प्रतिनिधी देई. पुढे लोकांच्या प्रतिनिधींनीच प्रदेश कसा आखावा हे ठरविण्यास सुरुवात केली. हा उलटलेला क्रम हाच या विषयाच्या अध्यापनाचा गाभा असला पाहिजे. महाराष्ट्रातील मुलांना तो समजावून देण्यास महाराष्ट्राच्याच घडणीइतके सोयीचे उदाहरण नाही.

या उदाहरणाचा प्रारंभ शब्दांपासून करणे इष्ट होय. ‘इलाखा’ व ‘तालुका’ हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूपासून आलेले असून संबंध अथवा अखत्यार हा त्यांचा मूळ भाव आहे. ज्या भूमीशी सत्तेचा संबंध जडला, जी तिच्या ताब्यात आली, तो इलाखा. तेथे राहणाऱ्या लोकांची भाषा कोणती, त्यांचे दळणवळण कोणाशी, या प्रश्नांना त्या शब्दात जागा नाही. ‘मतदार’ हा शब्द याहून निराळ्या जातीचा आहे. ‘मत’ या संस्कृत शब्दास ‘दार’ हा फारसी प्रत्यय लागून तो ‘जमीनदार’, ‘वतनदार’ यांच्या पंक्तीला येऊन बसला. जमीन असणारा तो जमीनदार, तसा मत असणारा तो मतदार. ‘मतदारसंघ’ या शब्दाकडे तर मुलांचे लक्ष मुद्दाम वेधावे. हिंदीतील ‘निर्वाचन क्षेत्र’ या संज्ञेत भूमीचा निर्देश आहे. मराठी संज्ञेत माणसांचा. प्रतिनिधी हा जमिनीच्या तुकड्याचा नव्हे, तर माणसांच्या समूहाचा असतो, ही गोष्ट मराठी मुलाला त्याच्या भाषेनेच सांगून ठेवली आहे.

आता इलाख्याचा नकाशा पाहावा. १८१८ साली पेशवाईचा अस्त झाल्यावर देशावरील बराच मुलूख मुंबई इलाख्यात आला. अरबस्तानच्या टोकाचे एडन १८३९ साली इंग्रजांनी घेतले व त्याचा कारभार मुंबईकडे सोपविला. १८४३ साली सिंध जिंकला गेला आणि काही वर्षांतच तोही मुंबईस जोडण्यात आला. १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले. अशा रीतीने एका गव्हर्नराच्या हाताखाली सिंधी, गुजराती, मराठी व कानडी बोलणारे लोक एकत्र आले. याच काळी वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेले व १९०३ साली मध्य प्रांताशी जोडले गेले. मराठवाडा हैदराबाद संस्थानातच राहिला. गोवा पोर्तुगिजांकडे होता. कोल्हापूर, सांगली, औंध अशी संस्थाने मधूनमधून विखुरलेली होती. मराठी भाषकांची ही विभागणी कोणी विचारपूर्वक योजलेली नव्हती. ज्या क्रमाने मुलूख हाती आला, त्या क्रमाने तो दप्तरात नोंदला गेला, इतकेच तिचे कारण.

अशा इलाख्यात प्रतिनिधित्वाचा उगम झाला तो अगदी क्षीण प्रवाहाच्या रूपाने. १८६१ च्या कायद्याने गव्हर्नराच्या मंडळात कायदे करण्यापुरते काही अधिक सभासद घेण्याची तरतूद झाली. ते सर्व सरकारनियुक्त असत. जगन्नाथ शंकरशेट हे अशाच नियुक्त सभासदांपैकी एक होते. १८९२ च्या कायद्याने अंदाजपत्रकावर चर्चा करण्याची व प्रश्न विचारण्याची मर्यादित मुभा मिळाली; तसेच नगरपालिका, लोकल बोर्डे, विद्यापीठ अशा संस्थांनी नावे सुचवावीत व सरकारने ती मान्य करावीत, अशी आडवळणाची निवडणूक सुरू झाली. १८९५ साली लोकमान्य टिळक मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले ते मध्य विभागातील लोकल बोर्डांच्या वतीने. त्या वेळी सामान्य शेतकऱ्याला मत नव्हते. त्याच्या वतीने बोलणाऱ्या संस्थेला होते.

१९०९ च्या कायद्याने मुसलमानांसाठी विभक्त मतदारसंघ निर्माण केले. १९१९ च्या कायद्याने प्रांतिक कौन्सिलांत निवडून आलेल्या सभासदांचे बहुमत झाले. पण मत देण्याचा हक्क शेतसारा, कर व मालमत्ता यांवर अवलंबून राहिला. विद्यापीठ, व्यापारी मंडळ, गिरणीमालकांची संघटना, दख्खनचे सरदार व इनामदार यांना स्वतंत्र जागा होत्या. मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवलेल्या होत्या. मध्यवर्ती विधानसभेत १४५ सभासद असून त्यांपैकी १०४ निवडलेले होते. स्त्रियांना मताधिकार द्यावयाचा की नाही, हा निर्णय प्रांतिक कौन्सिलांवर सोपविण्यात आला होता. मुंबई कौन्सिलाने १९२१ साली तो दिला. १९३२ च्या पुणे कराराने दलित वर्गांसाठी प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा ठरल्या, परंतु अंतिम निवडणूक संयुक्त मतदारसंघातून व्हावयाची होती. १९३५ च्या कायद्यान्वये १९३७ साली निवडणुका झाल्या, तेव्हा मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ जागा होत्या. मात्र मताधिकार साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे तीन कोटी लोकांपुरताच होता.

या कालखंडातील मतदारसंघ हे शब्दशः ‘संघ’ होते. धर्म, धंदा, संपत्ती, शिक्षण यांवरून माणसांचे गट पाडून प्रत्येक गटास जागा वाटून देण्यात येत. एका जागेमागे किती माणसे असावीत, याचे सर्वांना लागू असे प्रमाण नव्हते. हे प्रमाण ठळकपणे पुढे आले ते १९४६ साली. घटना समितीच्या रचनेत प्रांत व संस्थाने यांना साधारणतः दहा लाख लोकसंख्येमागे एक जागा या हिशेबाने जागा देण्यात आल्या. नव्या राज्यघटनेने प्रौढ मताधिकार दिला, आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सतरा कोटींहून अधिक मतदारांची नोंद होऊन लोकसभेच्या ४८९ जागांसाठी मतदान झाले. मत हे मालमत्तेचे शेपूट न राहता माणसाचे झाले.

याच ठिकाणी क्रम उलटतो. काँग्रेसने १९२० च्या नागपूर अधिवेशनात आपल्या प्रांतिक समित्यांची रचना भाषावार केली होती. म्हणजे इंग्रजी राज्याच्या नकाशावर लोकांच्या संघटनेचा दुसरा नकाशा पसरलेला होता. स्वातंत्र्यानंतर हा दुसरा नकाशा अधिकृत व्हावा, अशी मागणी वाढली. पोट्टी श्रीरामुलू यांचा उपोषणात डिसेंबर १९५२ मध्ये मृत्यू झाल्यावर १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य अस्तित्वात आले. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू व सरदार पणिक्कर यांच्या आयोगाने १९५५ साली अहवाल दिला. त्यात मराठवाड्यासह द्विभाषिक मुंबई राज्य व वेगळा विदर्भ सुचविला होता. संसदेने १९५६ साली केलेल्या कायद्याने विदर्भही त्यात घालून एकच विशाल द्विभाषिक राज्य १ नोव्हेंबर रोजी निर्माण केले. त्याविरुद्ध मराठी मुलखात आंदोलन झाले, त्यात माणसे प्राणांस मुकली. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रातील मतदारांनी संयुक्त महाराष्ट्र समितीस मोठ्या प्रमाणावर निवडून दिले. तिकडे महागुजरातचे आंदोलनही चालूच होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्ये झाली. तलवारीने व तहाने पडलेल्या रेषा मतपेटीने बदलल्या, हे मुलांना येथे स्पष्ट दाखविता येते.

गोव्याचे उदाहरण याला पूरक आहे, कारण तेथे उत्तर निराळे आले. १९६१ साली मुक्त झालेल्या गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी, महाराष्ट्रात विलीन व्हावे की वेगळे राहावे, या प्रश्नावर जनमत कौल घेण्यात आला. लोकांनी वेगळे राहण्याच्या बाजूने कौल दिला. १९८७ साली गोवा स्वतंत्र राज्य झाले. भाषा हे प्रदेशरचनेचे एक बलवान तत्त्व असले तरी एकमेव तत्त्व नव्हे, ही गोष्ट मराठी मुलाने मराठी मुलखाच्या शेजारीच पाहावी. विदर्भ व मराठवाडा यांच्या विकासाची हमी म्हणून १९५३ सालचा नागपूर करार व घटनेचे कलम ३७१ यांची गरज का भासली, हेही त्याला सांगितले पाहिजे. ज्या राज्यात आपण राहतो ते मोठ्या प्रयासाने जुळलेले आहे, हे कळल्याने अभिमान उणावत नाही. तो डोळस होतो.

विषयाचा दुसरा अर्धा भाग अंकगणिताच्या साहाय्याने उत्तम शिकविता येतो. द्विभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेत ३९६ जागा होत्या व लोकसभेत त्या राज्याच्या ६६. विभाजनानंतर विधानसभेच्या २६४ जागा महाराष्ट्रास व १३२ गुजरातला आल्या. लोकसभेच्या अनुक्रमे ४४ व २२. मुलांनी भागाकार केला की तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट दिसते : लोकसभेच्या एका जागेस विधानसभेच्या सहा जागा. पुढे महाराष्ट्राच्या जागा २७० व ४५, आणि नंतर २८८ व ४८ झाल्या. प्रमाण सहाचेच राहिले. खासदाराचा मतदारसंघ हा आमदारांच्या मतदारसंघांची जुळणी करून बनतो, हा नियम पाठ न करता मुलाच्या हाती लागतो.

याच अंकांतून आजचा सर्वांत कठीण प्रश्नही समोर येतो. लोकसंख्येनुसार राज्यांना जागा द्यावयाच्या, तर दर जनगणनेनंतर त्या बदलावयास हव्यात. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने हा बदल थांबवून १९७१ ची लोकसंख्या आधार म्हणून कायम केली; २००१ च्या ८४व्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली. त्यानंतर २००८ साली मतदारसंघांच्या सीमा २००१ च्या जनगणनेनुसार नव्याने आखल्या गेल्या, पण राज्यांच्या जागा बदलल्या नाहीत. १९७१ साली महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख होती. ४८ जागांनी भागल्यास एका खासदारामागे सुमारे साडेदहा लाख माणसे येत. केरळ व राजस्थान यांचेही प्रमाण तेव्हा जवळपास तेवढेच होते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मात्र केरळच्या २० जागांपैकी प्रत्येकीमागे सुमारे १६ लाख ७० हजार, महाराष्ट्रात २३ लाख ४० हजार, तर राजस्थानच्या २५ जागांपैकी प्रत्येकीमागे २७ लाख ४० हजार माणसे येतात. एका बाजूस प्रत्येक मताचे मोल समान असावे हे तत्त्व आहे. दुसऱ्या बाजूस, ज्या राज्यांनी लोकसंख्येच्या वाढीस आळा घातला त्यांचा आवाज त्यामुळे क्षीण होऊ नये, हे तत्त्व आहे. दोन्ही न्यायाचीच तत्त्वे आहेत. शिक्षकाने येथे निकाल देऊ नये. दोन्ही बाजू मुलांकडून मांडून घ्याव्यात.

असे विषय मुलांच्या वयास पेलणारे नाहीत आणि जुने वाद वर्गात आणल्याने तेढ वाढेल, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे नव्हे. सीमाप्रश्न अद्याप ज्यांच्या जिव्हारी लागलेला आहे, अशा घरांतील मुले त्याच वर्गात बसलेली असतात. परंतु वाद टाळून केवळ याद्या शिकविल्याने तेढ नाहीशी होत नाही. ती अज्ञानाच्या आधाराने टिकते. क्रमाने शिकविल्यास हा विषय जड नाही. प्रथम आपला तालुका व जिल्हा कोणकोणत्या राजवटींतून आजच्या राज्यात आला, हे मुलाने शोधावे. नंतर त्या तालुक्यात १९२० साली, १९३७ साली व १९५२ साली मत कोणाला होते, हे पाहावे. शेवटी भागाकार करावा. पहिल्या पायरीस नकाशा लागतो, दुसरीस घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी व गावचे जुने दप्तर, तिसरीस पाटी-पेन्सिल. आज पाचवी-सहावीत असलेली मुले मतदार होतील, तेव्हा जागांच्या फेरवाटणीचा प्रश्न त्यांच्याही विचारार्थ येणे संभवते. एका खासदारामागे किती माणसे आणि का, हा प्रश्न त्यांना स्वतःहून विचारता आला, तर या अध्यापनाचे प्रयोजन सिद्ध झाले असे म्हणता येईल.