बागबाजारातला किल्ला आणि अर्धी तलवार

आज एका जुन्या खेळण्याचं परीक्षण करायचं आहे. इतिहासाच्या गप्पांत प्लास्टिकचा किल्ला कशाला, असं काही जण म्हणतील. थोडा धीर धरा, या किल्ल्याची गोष्ट आपल्या मराठ्यांपर्यंत येते.

नोकरीमुळे मी कोलकात्यात आलो आणि शहराच्या उत्तरेला बागबाजारात भाड्याने राहू लागलो. घरमालकीण म्हणजे माशीमा. त्यांच्या दिरांनी १९८०च्या दशकात अमेरिकेहून येताना पुतण्यासाठी एक मोठा खोका आणला होता. तो पुतण्या आता पन्नाशीकडे झुकलाय आणि खोका त्याच्या मुलाकडे, म्हणजे माशीमांच्या सात वर्षांच्या नातवाकडे आलाय. खोक्यात आहे मॅटेल कंपनीचा 'कॅसल ग्रेस्कल', हि-मॅनच्या खेळण्यांमधला किल्ला. तो पहिल्यांदा १९८२ साली बाजारात आला.

आधी वस्तू कशी आहे ते सांगतो. हिरवट प्लास्टिकचा, समोरून कवटीच्या चेहऱ्यासारखा किल्ला. कवटीचा जबडा म्हणजेच दरवाजा, तो खाली पडला की पूल होतो. मागून बिजागरीवर पुस्तकासारखा उघडतो. आत दोरीवर चालणारी लिफ्ट, वरच्या मजल्यावर सिंहासन. हे सिंहासन फिरवलं की जमिनीतली झडप उघडते आणि वर उभा असलेला गडी धाडकन खाली. तळाला तुरुंगाच्या गजांचं स्टिकर आहे, गजांखालून राक्षस डोकावतात. बुरुजावर लेझर तोफ. कोपऱ्यात अंतराळवीराचा पोशाख! किल्ल्यात अंतराळवीर कशाला? कारण मूळ गोष्टीत हा प्रदेश एका प्राचीन महायुद्धात उद्ध्वस्त झालेला असतो आणि त्या पुढारलेल्या काळातली यंत्रं इथे तिथे पडून राहिलेली असतात. तलवार आणि लेझर एकाच घरात नांदतात ते त्यामुळे.

आमच्या नगाची लिफ्टची दोरी तुटली होती, तिथे आता जाड शिवणाचा दोरा आहे. तोफ गायब. स्टिकरांचे कोपरे सुटलेत, पण झडप अजून ठणठणीत. विकत घेणाऱ्यांनी आधी बिजागरी आणि जबड्याचा खिळा तपासावा, बाकीचं सावकाश.

आता बाहुला. हा अमेरिकेचा नाही, आपल्याकडचा. 'लिओ' हे नाव ज्यांचं बालपण नव्वदच्या आसपास गेलं त्यांना आठवेल. मॅटेलची खेळणी भारतात या नावाने यायची, आणि दूरदर्शनवर हि-मॅनचं कार्टून लागायचं तेव्हा गल्लीतल्या ज्या एका मुलाकडे लिओचा हि-मॅन असे त्याचा भाव वधारायचा. मी साताऱ्याचा, आमच्या आळीत तो मुलगा मी नव्हतो. माशीमांकडच्या बाहुल्याचं डोकं मऊ, धड कडक, कंबर पिळून सोडली की स्प्रिंगने ठोसा मारतो. पायांना आतून रबर असतं, ते सैल पडलंय, त्यामुळे हा वीर उभा राहताना दारू प्यायल्यासारखा झुकतो.

या बाहुल्याच्या जन्माची हकिगत मजेशीर आहे. 'स्टार वॉर्स'ची खेळणी करण्याची संधी मॅटेलने नाकारली. १९७७ साली सिनेमा आला आणि केनर या दुसऱ्या कंपनीने त्याच्या बाहुल्यांवर बक्कळ कमावलं. मॅटेलला उत्तर हवं होतं. रॉजर स्वीट या डिझायनरने कंपनीच्याच 'बिग जिम' बाहुल्यावर माती थापून तीन नमुने केले: एक रानटी योद्धा, एक सैनिक, एक अंतराळवीर. साहेबांना योद्धा आवडला. मार्क टेलर या चित्रकाराची रेखाटनं त्याआधीची, त्यामुळे हि-मॅनचा बाप कोण हा वाद पुढे बरीच वर्षं चालला. काटकसर तर इतकी की हि-मॅनच्या वाघासाठी बिग जिमचाच जुना वाघ घेतला, आणि १९८३ साली हि-मॅनचाच साचा निळा रंगवून 'फेकर' नावाचा खलनायक विकला. एकच साचा, रंग बदलला की वाईट माणूस.

आणि आता तलवार, माझ्या मते या संचातली सगळ्यात हुशार कल्पना. हि-मॅनबरोबर येणारी तलवार अर्धीच असते, एका बाजूने सपाट. दुसरा अर्धा भाग कवटीतोंड्या स्केलेटॉरबरोबर मिळतो, जांभळा. बाहुल्यासोबतच्या पहिल्या चित्रकथेत सांगितलंय की दोन्ही अर्धे जोडल्याशिवाय किल्ल्याची गुपितं हाती लागत नाहीत. टीव्हीवर आल्यावर ही कल्पना वाहून गेली. पुण्यवान राजपुत्राला अख्खी तलवार मिळाली आणि शत्रूची गरज उरली नाही.

आमच्याकडे स्केलेटॉर आहे, पण त्याची अर्धी तलवार नाही. आणि माशीमांच्या नातवाच्या खेळात त्याचं नावही स्केलेटॉर नाही. तो त्याला 'बोर्गी' म्हणतो.

माझ्या पायाखालची फरशी जरा हलली. बोर्गी म्हणजे बारगीर, सरकारी घोड्यावर स्वार होणारा मराठा शिपाई, ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर बंगालात उतरले. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं स्वाऱ्या होत राहिल्या. आपण शाळेत 'चौथाई वसूल केली' इतकंच वाचतो. इथे गंगाराम नावाच्या कवीचं 'महाराष्ट्र पुराण' आहे. जळलेली गावं, पळणारे विणकर, बायकांची विटंबना, सगळं त्यात आहे. आणि बाळाला झोपवताना इथल्या आया अजून ज्यांची भीती घालतात ते बोर्गीच. दाईंहाटला भास्करपंतांनी दुर्गापूजा मांडली होती, तीत अलीवर्दीखानाने छापा घातला. पुढे १७४४ साली मनकरा इथे बोलणीला बोलावून त्यांना मारलं. १७५१ साली तह झाला, ओडिशा आणि वर्षाला बारा लाख चौथाई ठरली.

या भीतीने कोलकात्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, सहा महिन्यांत तीन मैल झाला, मराठे आलेच नाहीत आणि काम थांबलं. उत्तरेचं टोक बागबाजारात. १७५६ साली आला तो सिराजउद्दौला, आणि त्याने कोलकाता घेतलंच. १७९९ साली बराचसा खंदक बुजवून सर्क्युलर रोड झाला. पण बागबाजारात 'मराठा डिच लेन' आजही आहे. मी रोज दूध आणायला तिथून जातो.

आमच्या साताऱ्यात दिवाळीला मुलं मातीचा किल्ला करतात. गोणपाट, दगड, वर अळीव पेरलेलं, माथ्यावर महाराज, पायऱ्यांवर मावळे. आमच्या किल्ल्यावर शत्रू कधीच नसायचा. भाले रोखलेले मावळे कुणाकडे बघताहेत हे आम्ही कधी विचारलं नाही. इथे शत्रू आहे आणि तो माझ्याच गावाकडून आलाय.

एका रविवारी नातवाने मला सरळच विचारलं, "काकू, तुमि कि बोर्गी?" (बंगालीत काकू म्हणजे काका.) माशीमा आतून ओरडल्या, त्याला दटावलं. मी हो म्हणालो. म्हणालो, ते आमच्याकडून आले होते, आणि तुझ्या आजीची गोष्ट खरी आहे. त्यांनी गावं जाळली. आमच्याकडे त्यांचीच दुसरी गोष्ट सांगतात, तीही तुला सांगेन.

त्याने विचार केला. मग स्केलेटॉर माझ्या हातात दिला आणि स्वतः हि-मॅन घेऊन जबड्याच्या आत जाऊन बसला. मी बाहेर, खंदकाच्या जागी पसरलेल्या निळ्या टॉवेलपलीकडे. दार उघडेना. नियम त्यालाच ठाऊक होता: दुसरी अर्धी तलवार हवी. आम्ही बर्फीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून ती केली, जांभळ्या स्केचपेनने रंगवली. ती वाकते, पण जोडता येते.

तर मंडळी, लिफ्टच्या दुरुस्तीचा दोरा आणि पुठ्ठ्याची तलवार धरून मी या संचाला दहापैकी आठ गुण देतो. कुणाकडे स्केलेटॉरची मूळ अर्धी तलवार सुटी पडली असेल तर जरूर कळवा. येण्याजाण्याचा टपालखर्च मी देईन.